चिंक्वे तेर्रे, मे महिना, चार जण: मुक्काम कुठे करावा आणि पायऱ्या किती?

कमाटीबाग

मंडळी, बडोद्याहून चौघं जण मेच्या मध्यावर इटलीला निघतोय. आम्ही दोघं, मुलगी (वय १०) आणि आई (वय ६८). विमान रोमला उतरतं, परतीचं मिलानहून आहे. एकूण ११ रात्री. रोम ३, फ्लोरेन्स ३ आणि मिलान १ एवढं नक्की आहे. मधल्या ४ रात्री चिंक्वे तेर्रेसाठी, म्हणजे समुद्राकाठच्या त्या पाच गावांसाठी, ठेवल्यात.

एजंटचं म्हणणं, एवढ्या रात्रींची गरजच नाही, ला स्पेत्सियात एक रात्र राहून पाचही गावं एका दिवसात उरकतात. दुसरीकडे काही जण प्रत्येक गावात एकेक रात्र राहा म्हणतात. आई सपाटीवर ३-४ किलोमीटर आरामात चालते. चढण चालते, पण पायऱ्या उतरताना गुडघे दुखतात. सगळे शाकाहारी, आई अंडंही खात नाही.

मुक्काम कोणत्या गावात करावा? रेल्वेचं कार्ड घ्यावं की सुटी तिकिटं? आणि व्हिसाला कधी लागावं? भाडी, वेळा, अंतरं अशी नेमकी माहिती हवी आहे.

दांडियाबाजार

एका दिवसात पाच गावं होतात खरी, पण मग स्टेशनं आणि गर्दीच जास्त दिसते. रोज बॅगा उचलून नवं गाव करणं त्याहून वाईट. रिओमाज्जोरेपासून मोंतेरोस्सोपर्यंत सगळा पट्टा रेल्वेगाडीने पाव तासाचा आहे, दोन गावांमध्ये गाडीला २ ते ५ मिनिटं लागतात. एवढ्याशा अंतरात मुक्काम बदलून मिळतं काय? चारही रात्री एकाच ठिकाणी काढा. इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही. दोनच गोष्टी मोजा: पायऱ्या, आणि गर्दीचे तास.

ला स्पेत्सियाकडून गाडी सुटली की गावं या क्रमाने येतात: रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्नील्या, वेर्नात्सा, मोंतेरोस्सो, आणि पुढे लेवांतो. पाचही गावांची ठेवण वेगवेगळी आहे, आणि आईंच्या दृष्टीने तोच फरक सगळ्यात महत्त्वाचा.

मोंतेरोस्सो पाचांत सगळ्यात सपाट. स्टेशन समुद्रालगतच्या फेजिना भागात आहे, तिथून जुनं गाव दहाएक मिनिटांवर, मधे एक छोटा बोगदा, रस्ता जवळजवळ समतल. वाळूचा मोठा किनारा फक्त इथेच आहे. लिफ्ट असलेली हॉटेलंही इथेच सापडतात. मुलगी पाण्यात खेळेल आणि आईंना बाकावर बसून समुद्र बघता येईल, असं दुसरं गाव इथे नाही.

वेर्नात्सात फलाटावरून थोड्या पायऱ्या उतरलात की थेट मुख्य गल्ली लागते. ती हलक्या उताराने बंदरापर्यंत जाते. बंदराच्या कडेला सांता मार्गेरिताचं चर्च आणि वर जुना बुरूज. बघायला सगळ्यात सोपं आणि बहुतेकांच्या मते सगळ्यात देखणं गाव हेच. राहायच्या खोल्या मात्र गल्लीच्या दोन्ही अंगांना उंच, अरुंद जिन्यांवर आहेत.

कोर्नील्या समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर बसलंय आणि स्टेशन खाली. मधे लार्दारीना नावाचा विटांचा जिना आहे: ३३ वळणं, ३८२ पायऱ्या. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची परीक्षा उतरताना. स्टेशनपासून वर गावात छोटी बस जाते आणि कार्डात तिचं भाडं धरलेलं असतं. आईंनी दोन्ही वेळा बसच धरावी.

मानारोला आणि रिओमाज्जोरे या दोन्ही ठिकाणी स्टेशनहून गावात पायी जायला बोगदा आहे, तो सपाट. पुढे गाव म्हणजे चढ. रिओमाज्जोरेची मुख्य गल्ली तर छातीवर येते. मानारोलाला बंदराच्या उजवीकडून पुंता बोन्फील्योकडे जाणारी फरसबंद वाट धरा. गावाचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो तिथूनच काढलेला असतो. संध्याकाळी ऊन गावाच्या तोंडावर येतं तेव्हा जा.

मुक्कामासाठी माझं मत स्पष्ट आहे, मोंतेरोस्सो. बजेट ताणलं जात असेल तर लेवांतो, तेही सपाट आहे आणि गाडीने ५ मिनिटांवर. ला स्पेत्सिया स्वस्त पडतं, पण ते बंदराचं मोठं शहर. सकाळ-संध्याकाळ गाव रिकामं असतानाची मजा तिथे राहून हाती लागत नाही.

खोली ठरवताना फोटोंवर जाऊ नका. इथल्या बऱ्याच खोल्या लोकांच्या घरातल्या असतात, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. पैसे भरण्याआधी मालकाला एकच प्रश्न लिहून पाठवा: 'क्वांती स्कालीनी दाल्ला स्तात्सिओने आल्ला पोर्ता?' म्हणजे स्टेशनपासून दारापर्यंत पायऱ्या किती. 'समुद्र दिसतो' असं लिहिलेल्या खोलीच्या बाबतीत हे हमखास विचारा, कारण समुद्र दिसायला वर चढावंच लागतं. किल्ली कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळते तेही लेखी घ्या. अशा घरांना रिसेप्शन नसतं, किल्ली दुसऱ्या गल्लीतल्या ऑफिसातून घ्यावी लागते आणि ते ऑफिस संध्याकाळी बंद होतं. खोलीच्या भाड्याशिवाय दर रात्री दर माणशी पालिकेचा कर असतो, तो बहुतेक वेळा रोख मागतात.

आणखी एक. रविवारी संध्याकाळी पोहोचा आणि गुरुवारी निघा. शनिवार-रविवारी इटलीचेच लोक लोटतात, रविवारी संध्याकाळी ते परततात. सोमवारी रोमला उतरलात तर तुमच्या तीन आणि तीन रात्री संपून रविवारच येतो. मिलानची रात्र गुरुवारची, शुक्रवारी विमान.

प्रतापनगर_नॅरोगेज

मुक्कामाबद्दल दांडियाबाजार यांच्याशी सहमत. रेल्वेचं मी सांगतो.

फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनहून ला स्पेत्सियाला साधारण अडीच तास. काही गाड्या थेट आहेत, काहींना पिसात बदलावं लागतं. थेट गाडीच निवडा, बॅगा आणि आई दोन्ही असताना फलाट बदलणं टाळलेलं बरं. ला स्पेत्सिया चेंत्रालेहून पुढे चिंक्वे तेर्रे एक्स्प्रेस, लेवांतोपर्यंत जाणारी. हंगामात दिवसभर दर १५-२० मिनिटांनी असते. रिओमाज्जोरे ८ मिनिटांत, मोंतेरोस्सो २०-२५ मिनिटांत.

परतताना मुळीच मागे येऊ नका. मोंतेरोस्सोला थांबणाऱ्या काही इंटरसिटी गाड्या जेनोव्हामार्गे थेट मिलानो चेंत्रालेला जातात, सुमारे ३ तास. तिचं आरक्षण आधी करा, लवकर केलं तर स्वस्त पडतं. मिलानो चेंत्रालेहून माल्पेन्सा विमानतळाला माल्पेन्सा एक्स्प्रेस, तासाभराच्या आत.

आता कार्ड की सुटं तिकीट. या पट्ट्यात सुट्या तिकिटाचा दर अंतरावर ठरत नाही, तारखेवर ठरतो. गर्दीच्या दिवशी एका फेरीचे १० युरोपर्यंत मोजावे लागतात, मग ती फेरी दोन मिनिटांची का असेना. 'ट्रेनो' नावाच्या कार्डात ला स्पेत्सिया ते लेवांतो कितीही फेऱ्या, पैसे लागणाऱ्या पायवाटा, गावातल्या बस आणि स्टेशनांवरची स्वच्छतागृहं येतात. मोठ्यांचं एका दिवसाचं कार्ड हंगामात तारखेप्रमाणे अंदाजे २० ते ३३ युरोच्या दरम्यान असतं. ४ ते ११ वर्षांच्या मुलांना आणि ७० च्या पुढच्यांना सवलत आहे. म्हणजे मुलीला मिळेल, आईंना नाही. ज्या दिवशी चार किंवा जास्त फेऱ्या किंवा पायवाट असेल त्या दिवशी कार्ड घ्या. किनाऱ्यावर बसायच्या दिवशी घेऊ नका. दोन-तीन दिवसांचं कार्ड सलग दिवसांचं असतं, हे लक्षात ठेवून दिवस मांडा.

माणसं अडकतात ती शिक्क्यापाशी. कागदी तिकीट किंवा कागदी कार्ड घेतलं की गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या किंवा जिन्याजवळच्या छोट्या यंत्रात शिक्का मारायचा. तिकिटाचं टोक फटीत घालायचं आणि डावीकडे दाबायचं. यंत्र करकरतं आणि कडेला तारीख-वेळ छापली जाते. बाहेर काढून ती उमटलीये का ते बघा, शाई संपलेली असली तर कोरंच परत येतं. तसं झालं तर दुसरं यंत्र शोधा. तेही बंद असेल तर गाडीत शिरताच स्वतःहून गार्डाला गाठून सांगा, तो तुमच्यापर्यंत येण्याआधी. मोबाईलवरच्या लोकल तिकिटाला शिक्का नाही, पण प्रवासाआधी 'चेक-इन' करावं लागतं. तिकीट खिशात असून शिक्का नसेल तरी दंड होतो, आणि जागेवर भरला नाही तर वाढतो. इंटरसिटीच्या आरक्षित तिकिटाला यातलं काहीच लागत नाही.

फलाटावरच्या पाटीवर 'बिनारियो' म्हणजे फलाट क्रमांक, 'रितार्दो' म्हणजे उशीर, 'सोप्रेस्सो' म्हणजे गाडी रद्द. तुमच्या गावाचं नाव पाटीवर शोधत बसू नका, तिथे शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. मोंतेरोस्सोकडे जाताना लेवांतो, सेस्त्री लेवान्ते किंवा जेनोव्हा. रिओमाज्जोरेकडे जाताना ला स्पेत्सिया. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. विशेषतः कोर्नील्या थांबा आहे ना, ते पाहून बसा.

वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरे इथे डोंगर दोन्हीकडून आवळतो, त्यामुळे फलाटाचा बराचसा भाग बोगद्यात आहे. बाहेर अंधार दिसला म्हणून लोक बसून राहतात आणि पुढच्या गावाला पोहोचतात. गाडी थांबली आणि दार उघडलं की अंधारातही उतरा. बोगद्यातून चालत उजेडाकडे या.

संपाला तिथे 'शोपेरो' म्हणतात. तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. गुरुवारी निघण्याच्या चार-पाच दिवस आधी एकदा बघून ठेवा.

अलकापुरी_चौक

व्हिसा थोडक्यात. सगळ्या रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडेच, आणि बडोदेकरांना अहमदाबादचं केंद्र जवळ. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज घेतात, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मे म्हणजे सुट्यांचा मोसम, भेटीच्या वेळा भराभर भरतात. जानेवारी-फेब्रुवारीत लागा. निकालाला साधारण १५ दिवस, कागद कमी पडले तर ४५ पर्यंत.

फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५. तुमचे तीन गुणिले ९० अधिक ४५, म्हणजे ३१५ युरो, त्यावर केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या दिवसांचा. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतल्यानंतर ३ महिने शिल्लक असलेला, दोन कोरी पानं. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर.

आईंच्या नावाने आयकर विवरण नसेल तर खर्च कोण उचलतोय त्याचं सहीचं पत्र, त्याचं बँक स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडा. मुलीसाठी जन्मदाखला, आईवडील दोघांची संमती आणि शाळेचं पत्र. १२ च्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. पण मुलीला केंद्रावर न्यावं लागेल का, हे वेळ घेतानाच विचारून ठेवा, म्हणजे शाळा विनाकारण बुडणार नाही.

अर्ज नाकारला जातो तो बहुधा कागदांच्या विसंगतीने: हॉटेलात तीन नावं आणि अर्ज चौघांचे, किंवा मधली एक रात्र कोणत्याच बुकिंगमध्ये नाही. अकराही रात्री एका कागदावर ओळीने मांडा आणि प्रत्येक रात्रीपुढे बुकिंग जुळवा. तोवर रद्द करता येणारीच बुकिंगं घ्या.

रोमच्या विमानतळावर आता पासपोर्टवर शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटोची संगणकी नोंद होते, १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. रांग लांबते. उतरल्यावर तीन तासांच्या आतलं कुठलंही आरक्षण ठेवू नका.

कमाटीबाग

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. सोमवार-रविवारचा हिशेब जुळवला, तसंच तिकीट घेतो.

तीन शंका राहिल्या. समुद्राकाठची ती प्रसिद्ध 'प्रेमाची वाट' उघडी आहे का आणि आईला जमेल का? बोट घ्यावी का? आणि मला व मुलीला एक दिवस खरंच डोंगरातून चालायचंय, तर कोणता टप्पा? खाण्याचंही कुणी सांगा. चार दिवस पिझ्झ्यावर काढायचे नाहीत.

पावागड_पहाटे

व्हिया देल्लामोरे, म्हणजे तुमची प्रेमाची वाट, रिओमाज्जोरे ते मानारोला, एक किलोमीटरपेक्षाही कमी. सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून ती बंद झाली आणि जवळजवळ १२ वर्षांनी, २०२४ मध्ये, उघडली. कड्याच्या पोटाशी कोरलेली फरसबंद, सपाट वाट आहे. आईंना नक्की जमेल, किंबहुना चौघांनी मिळून चालण्याजोगी पायवाट हीच. मात्र वेळ ठरवून आधी तिकीट काढावं लागतं, कार्डाच्या वर सुमारे १० युरो. प्रवेश रिओमाज्जोरेच्या बाजूने, एकेरी. त्यामुळे आधी रिओमाज्जोरे पाहून घ्या आणि वाटेने मानारोलाला या, उलटा बेत आखू नका.

मानारोला ते कोर्नील्या ही खालची, समुद्रालगतची वाट दरडींमुळे कित्येक वर्षं बंद आहे. जुने नकाशे आणि जुने व्हिडिओ पाहून बरेच लोक तिथे जाऊन परत फिरतात.

चालण्यासाठी दोन टप्पे आहेत. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा साडेतीन किलोमीटर, दीड ते दोन तास. मोंतेरोस्सोच्या बाजूला सुरुवातीलाच शेकडो दगडी पायऱ्या आहेत, ओबडधोबड, काही गुडघाभर उंच. वाट जागोजागी इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळच्या वेळात ती मोंतेरोस्सोकडून वेर्नात्साकडे एकेरी करतात. म्हणून तुम्ही मोंतेरोस्सोतच राहत असाल तर सकाळी ८ च्या आत चालायला लागा. १० वाजले की गटांच्या मागे मुंगीच्या पावलांनी सरकावं लागतं. वेर्नात्सा ते कोर्नील्याही तेवढंच अंतर, उंची २०० मीटरच्या आसपास जाते. या दोन्हींना कार्ड लागतं.

मला विचाराल तर मुलीसोबत वरचा टप्पा करा, वोलास्त्रा ते कोर्नील्या. मानारोलाहून बस धरून वोलास्त्राला जा, ते सव्वातीनशे मीटरवर आहे, म्हणजे मोठा चढ बसनेच संपतो. पुढे द्राक्षमळ्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून आडवी वाट, उजवीकडे डोंगर आणि डावीकडे खाली नुसता समुद्र. शेवटी कोर्नील्याकडे तीव्र उतार. दीड ते दोन तास. या वाटेला तिकीट नाही आणि गर्दीही कमी.

तिथल्या भिंतींकडे मुलीला नीट बघायला सांगा. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तसलाच प्रकार, चुना-सिमेंट न घालता दगडावर दगड रचलेला. मोठे दगड तोंडाला, मागे बारीक खडीची भर. पावसाचं पाणी त्या फटींतून झिरपून जातं म्हणून भिंत टिकते. शेती सोडली की फटी मातीने बुजतात, पाणी मागे तुंबतं, भिंतीला पोट सुटतं आणि एका पावसात ती खालच्या वाटेवर येते. वाटा वारंवार बंद का होतात याचं एक मोठं कारण हेच. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्या चिखल-दगडांनी भरून गेल्या होत्या. त्यामुळे हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा लागला की वाटा सरळ बंद करतात. फाटकाला वळसा घालून जाऊ नका.

बूट खाचांच्या तळाचे हवेत. चपला किंवा उघड्या सँडल घालून या वाटांवर गेलं तर ५० ते २,५०० युरो दंडाची तरतूद आहे. नवे बूट थेट तिथे काढू नका. निघण्याआधी दोन-तीन रविवार बडोद्याजवळचा पावागड माचीपासून चढून उतरा, बूटही पायाला बसतील आणि मुलीचाही अंदाज येईल. प्रत्येकी दीड लिटर पाणी, टोपी. मधे सावली तुटक आहे.

बोट जरूर घ्या, पण एकाच बाजूने. गावं समुद्रावरूनच खरी दिसतात, एकावर एक रचलेली घरं आणि त्यांच्या वर शेतांच्या ओळी. साधारण मार्चअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असते, कोर्नील्याला थांबत नाही कारण तिथे धक्काच नाही. समुद्र खवळला की सकाळीच रद्द होते, म्हणून पहिल्या चांगल्या दिवशी उरकून टाका. आईंसाठी एक गोष्ट आधी समजून घ्या. बोटीचं नाक खडकाला लावतात आणि चाकांची अरुंद फळी टाकतात. लाटेबरोबर ती वरखाली होते. खलाशी हात देतात, पण पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं. मोंतेरोस्सोहून चढणं त्यातल्या त्यात सोपं. त्यामुळे मोंतेरोस्सोहून बोटीने रिओमाज्जोरे, तिथून प्रेमाच्या वाटेने मानारोला, संध्याकाळी गाडीने परत. आईंचा सगळ्यात मोठा दिवस हाच ठेवा. बोट उशिरा आली तर वाटेची ठरलेली वेळ हुकते, म्हणून मधे दोन तास मोकळे सोडा.

लीलो_चिवडो

खाण्याची काळजी करू नका. लिगुरिया, म्हणजे ही गावं ज्यात येतात तो प्रांत, शाकाहाऱ्यांना इटलीत सगळ्यात सोपा म्हणावा असा.

फारिनाता शोधा. चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बस. वजनाने एक भाग पीठ, तीन भाग पाणी, काही तास भिजवून वरचा फेस काढतात. तांब्याच्या कल्हई केलेल्या मोठ्या परातीत तेलावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर ओततात आणि लाकडाच्या भट्टीत ३०० अंशांच्या आसपास भाजतात. वरून खरपूस, आत मऊ. आपला पुडला भट्टीत भाजावा तशी. आईंना पहिल्या घासात ओळख पटेल. ला स्पेत्सियात चांगली मिळते. गरमच घ्या, गार झाली की चिवट होते. काही ठिकाणी कांदा किंवा मासळी घालतात, साधी मागा.

पेस्तो याच भागाचं. तुळशीच्या जातीचा बेझिल, चिलगोजासारख्या पाइनच्या बिया, लसूण, ऑलिव्ह तेल, आणि पार्मिजानो व पेकोरीनो ही दोन चीज. हा सॉस 'त्रोफिए' नावाच्या पिळदार पास्त्याबरोबर खातात, त्याच पाण्यात बटाट्याचे तुकडे आणि फरसबी उकडून. त्रोफिए पारंपरिक पद्धतीत मैदा आणि पाण्याचा, अंड्याविना. ताल्यातेल्ले, लझान्या, पान्सोती यांत अंडं असतं किंवा असू शकतं, आईंसाठी टाळा. सुका पास्ता, म्हणजे 'पास्ता सेक्का', बहुधा बिनअंड्याचा. मेस्च्यूआ हे ला स्पेत्सियाचं सूप म्हणजे काबुली चणे, पांढरा राजमा आणि गहू उकडून वरून तेल, आपल्याला अगदी घरचं वाटणारं.

इथे मी ठामपणे सांगेन. पार्मिजानो आणि पेकोरीनो प्राण्याच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनतात. घरात ते चालत नसेल तर पेस्तोच टाळा. पेस्तो आधीच तयार असतो, ऐनवेळी चीज काढता येत नाही. त्याऐवजी 'अल पोमोदोरो', टोमॅटोचा, 'सेन्त्सा फोर्माज्जो', चीजविना. तुमच्यासोबत कुणी जैन असतील तर 'सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला', लसूण-कांद्याविना, पण हे बसताना सांगायचं, ताट आल्यावर नाही.

मोंतेरोस्सो अँकोव्ही मासळीसाठी नावाजलेलं, आणि तिथे मासळीला 'मांस' समजत नाहीत. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा आच्यूगे, सेन्त्सा उओव्हा' हे चार शब्द कागदावर लिहून दाखवा: मांस, मासा, अँकोव्ही, अंडं. फोकाच्च्याच्या दुकानात 'स्त्रुत्तो' आहे का विचारा, म्हणजे डुकराची चरबी. बहुतेक ठिकाणी ऑलिव्ह तेलच असतं.

स्वयंपाकघरं दुपारी १२ ते अडीच आणि संध्याकाळी ७ नंतरच चालू. मधल्या वेळात भूक लागली तर फोकाच्च्या किंवा किराणा दुकान. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, दर माणशी दोन-तीन युरो. ती चूक नसते, टेबलाचं भाडं असतं.

बॅगेत काय नेऊ नये तेही सांगते. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, तूप, पनीर, श्रीखंडाची वडी सगळं यात आलं. ताज्या फळांना कृषी खात्याचा दाखला लागतो. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. म्हणजे मेमधली केसर आंब्याची पेटी चालत नाही, ताजा कढीपत्ताही नाही. कोरडे तेलाचे खाखरे, चिवडा, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे खुशाल न्या. थेपल्यात दही घालत असाल तर या वेळी पाण्यात कणीक मळा. दोन दिवसांपुरतेच करा, मेच्या उकाड्यात बडोद्यातच त्यांना वास यायला लागतो.

दांडियाबाजार

गर्दीच्या तासांचं सांगायचं राहिलं होतं. ला स्पेत्सिया आणि लिव्होर्नोच्या बंदरांत मोठी प्रवासी जहाजं लागतात. त्यांचे गट सकाळी साडेदहाच्या सुमारास गावांत उतरतात आणि साडेचार-पाचला परततात. तेवढ्या वेळात वेर्नात्सा आणि मानारोला टाळा.

म्हणून सोमवारी सकाळी ८ ला वेर्नात्सा, ११ ला परत, दुपार मोंतेरोस्सोच्या किनाऱ्यावर. मंगळवारी बोटीचा दिवस. बुधवारी तुम्ही आणि मुलगी वोलास्त्राची वाट. आई आणि वहिनी थेट गाडीने कोर्नील्याला, बसने वर, आणि तुमची वाट बघत चौकात बसतील. त्या गावात बोट थांबत नाही म्हणून दुपारीही दम घेता येतो. या तीनपैकी एका दिवशी पाऊस आला तर ला स्पेत्सियाहून बसने पोर्तोव्हेनेरे, अर्ध्या तासावर, छत्री घेऊनही बघता येतं.

सूर्यास्त त्या सुमारास ९ च्या थोडा आधी, त्यामुळे ७ ला जेवून परत बाहेर पडायला वेळ उरतो. आईंसाठी घडीची काठी घ्या, उतारावर गुडघ्यांचा भार हलका वाटतो. हातसामानात टोकदार काठी अडवतात, चेक-इनच्या बॅगेत टाका. आणि प्रत्येकाची एकच छोटी बॅग ठेवा. रोमची खरेदी अंगावर वागवत मोंतेरोस्सोचा जिना चढण्यापेक्षा ती मिलानच्या शेवटच्या रात्रीवर टाका.

कमाटीबाग

बुधवारचा बेत आईला वाचून दाखवला, ती कोर्नील्याच्या चौकासाठी आतापासून तयार आहे. मोंतेरोस्सोतल्या तीन घरमालकांना पायऱ्यांचा प्रश्न पाठवला. एकाचं उत्तर आलं: स्टेशनपासून दारापर्यंत १४, आणि खोली पहिल्या मजल्यावर. किल्लीचं ऑफिस ७ ला बंद होतं म्हणे, म्हणून फ्लोरेन्सहून दुपारी १ च्या आतली थेट गाडी धरतो.

प्रतापनगर_नॅरोगेज

१४ म्हणजे उत्तम, घेऊन टाका. ते १४ दारापर्यंतचे आहेत की खोलीपर्यंतचे, एवढं तेवढं परत विचारा. तिथेही पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा.